गुगलवर आपला ब्लॉग सापडत नाही? आधी मथळा बघा

शेतीवर ब्लॉग लिहिणारे आता गावोगावी आहेत. लिहितात चांगलं, पण गुगलवर सापडत नाही. चूक बहुतेक वेळा मथळ्यातच असते. ‘बळीराजाचं हिरवं स्वप्न’ असं कुणी शोधत नाही, शोधणारा ‘हरभरा घाटेअळी उपाय’ टाकतो. गुगलवर नुसतं ‘हरभरा’ टाकून बघा, लोक काय शोधतात ते खाली येतं. तेच शब्द मथळ्यात आणि पहिल्या दोन ओळींत घ्या. पण एकच शब्द वीस वेळा कोंबू नका, गुगल ते स्पॅम धरतं. मजकुराचा फोटो चढवण्यापेक्षा टाइप करा. आणि कॉपी नको, आपल्या रानातलं लिहा: पेरणी कधी केली, अळी कधी दिसली, फवारणीला खर्च किती आला.

गुगल सर्च कन्सोल फुकट आहे. लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत आले, ते त्यात दिसतं.

‘पहिल्या नंबरवर आणून देतो’ असे फोन येतात. सोयाबीनच्या पट्टीतले तीन हजार मी असेच घालवले. गुगल स्वतःच सांगतं, पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही. ‘प्रायोजित’ लिहिलेली जाहिरात वेगळी, तिचे पैसे लागतात. बाकी निकालात वर येण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. फक्त वेळ लागतो, कधी कधी काही महिनेसुद्धा.