कावसजीचं नाक

मंडळी, माझं नाक जरा डावीकडे कललंय. लहानपणी मैंदर्गीला काकांच्या बैलगाडीतून पडलो होतो, त्याची आठवण. परवा एका सर्जनने नाक सरळ आणि जबडा रुंद, म्हणजे 'जास्त मर्दानी' करायचं पॅकेज सांगितलं. फॉर्म घरी आणलाय. सही करायच्या आधी इतिहास उकरत बसलो (सवय!), तर कावसजी भेटला.

हाही बैलवालाच. नाव पारशी वाटतं, पण इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा मराठा शेतकरी. 1792 च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. नाक आणि एक हात कापला गेला. नाक जाणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. वर्षभर तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एकाने नवं नाक बसवलं. मेणाचा पातळ साचा कपाळावर सपाट करून रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. दोन डोळ्यांच्या मधली पट्टी मात्र जोडलेलीच, रक्त तिथूनच येणार. वर लेप कशाचा? पानातल्या काताचा! चार दिवसांनी तुपात भिजवलेलं फडकं. साधारण पंचविसाव्या दिवशी पट्टी कापायची. भूल वगैरे प्रकार तेव्हा नव्हताच.

ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने हे चित्रासकट छापलं. 1814 मध्ये जोसेफ कार्प्यूने लंडनात तीच पद्धत वापरली. त्या लेखात वीटवाल्याचं नाव नाही.

चित्रात कावसजीच्या कपाळावरचा व्रण स्पष्ट दिसतो. असो. फॉर्म अजून टेबलावरच आहे.