दुधाची पिशवी कोण नेते? पुण्यातील घरगुती प्लॅस्टिकचा इतिहास

१/ पुण्यातील असंख्य स्वयंपाकघरांत दुधाची रिकामी पिशवी फेकली जात नाही. ती धुतली जाते, ओट्यामागच्या फरशीला चिकटवून वाळवली जाते आणि गठ्ठा झाला की रद्दीवाल्याकडे जाते. त्याच ओट्यावरून वेफर्सचे पाकीट मात्र सरळ कचऱ्यात पडते. घर एकच, हातही तेच. मग एका प्लॅस्टिकला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असे का? या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या इतिहासात आहे. त्याचाच हा धागा.

२/ जुनी पिढी काटकसरी होती आणि नवी उधळी झाली, असे एक उत्तर तयार असते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. काटकसर होतीच, मात्र ती निव्वळ गृहिणीच्या स्वभावावर उभी नव्हती. घरातून निघणारी जवळजवळ प्रत्येक टाकाऊ वस्तू घेऊन जाणारे कोणीतरी पेठेत हजर असे.

३/ वाणी साखर-डाळ कागदाच्या पुडीत बांधून देई. तो कागद बहुधा वर्तमानपत्राच्या रद्दीचा, म्हणजे कोणाच्या तरी घरातूनच आलेला. पुडीचा दोरा सोडवून रिळाला गुंडाळून ठेवला जाई. तेलाला घरची किटली, दुधाला गवळ्याचे माप आणि घरचे पातेले, लोणच्याला चिनी मातीची बरणी. १८८६ साली सुरू झालेल्या मंडईत (आजची महात्मा फुले मंडई) भाजीला जाणारा माणूस पिशवी घेऊनच निघे, कारण ती नसेल तर भाजी आणायची कशात?

४/ भांड्याला पोचा आला तर तांबट आळी होती. पेशवाईत वसलेल्या या वस्तीत तांब्या-पितळेचे भांडे ठोकून सरळ होई आणि अगदीच निकामी झाले तर मोडीत जाई. मोडीलाही भाव असे. कल्हईवाला दारावर येई. सुपे, टोपल्या, रोवळ्या बुरूड आळीतून येत आणि मोडल्या की बंबात जळण म्हणून जात. लग्नाच्या पंगतीतील पळसाच्या पत्रावळी गुरांपुढे किंवा उकिरड्यावर जात आणि तेथेच कुजत.

५/ या साखळीतील सर्वांत विलक्षण व्यक्ती म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला जुन्या कपड्यांचे बोचके. चार साड्या आणि दोन विजारी यांच्या बदल्यात एक पातेले, असा सौदा वाड्याच्या चौकात तासतासभर रंगे. ‘ही साडी विरली आहे’ असे बोहारणीने म्हणावे, ‘एकदाच नेसले आहे’ असे गृहिणीने म्हणावे आणि दोघींनाही खरे काय ते ठाऊक असावे! त्या घासाघिशीतून जुना कपडा कचऱ्यात न जाता जुन्या कपड्यांच्या बाजारात पोहोचे.

६/ तरी या व्यवस्थेचे गोडवे गाताना थोडे सावध राहिलेले बरे. सुट्या तेलात भेसळ होई, सुट्या दुधात पाणी. माप कमी भरे. शाईचा कागद तळणाला चिकटे. शिवाय दुसऱ्याचे टाकाऊ उचलण्याचे काम कोणी करायचे, हे फार मोठ्या प्रमाणावर जातीने ठरवलेले होते. ‘निसर्गस्नेही’ या गोंडस शब्दाखाली हे झाकले जाते.

७/ पॉलिथिनचा शोध १९३३ साली इंग्लंडमधील एका रासायनिक कारखान्यात जवळजवळ योगायोगाने लागला. महाराष्ट्रात १९६८ पासून ठाण्याच्या ‘नोसिल’मध्ये पेट्रोरसायनांचे उत्पादन सुरू झाले, त्यानंतर बडोद्याचा ‘आयपीसीएल’ प्रकल्प आणि १९८० च्या दशकाअखेर रायगडमधील नागोठणे. कच्चा माल देशातच आणि तोही मुबलक मिळू लागताच प्लॅस्टिक स्वस्त झाले.

८/ मात्र घरात आलेले पहिले प्लॅस्टिक कचरा म्हणून आलेले नव्हते. ते आले बादली, टब, डबा, मग अशा रूपांत: हलके, न गंजणारे, कल्हई न लागणारे. ज्या बाईला रोज पाण्याने भरलेली पितळी घागर उचलावी लागे, तिला त्या बादलीचे मोल विचारायची गरज नव्हती. रविवार पेठेतील बोहरी आळीत अशा वस्तूंची दुकाने सजली. पुढे बोहारणीच्या पाटीतही स्टीलच्या पातेल्यांशेजारी प्लॅस्टिकचे टब दिसू लागले. जुने लुगडे देऊन प्लॅस्टिकचा टब घेणे हा सौदा तेव्हा कोणालाही तोट्याचा वाटला नाही, आणि तो तसा नव्हताही. असा टब वर्षानुवर्षे टिके.

९/ खरा बदल घडला तो वस्तू घरी आणणाऱ्या वेष्टनात. मुंबईत १९४९ साली उभ्या राहिलेल्या आरे दूध वसाहतीचे दूध काचेच्या बाटलीतून येई. रिकामी बाटली परत केल्याशिवाय व्यवहार पुरा होत नसे. प्लॅस्टिकच्या पिशवीने ही परतफेडच संपवली. बाटली धुण्याचा, वाहण्याचा, फुटण्याचा खर्च वाचला. पण रिकाम्या वेष्टनाची जबाबदारी डेअरीच्या हिशेबातून निघून ग्राहकाच्या ओट्यावर आली. याची फारशी चर्चाही कोठे झाली नाही.

१०/ तेलाची गोष्ट याहून बोलकी आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाची भेसळ झाली, जलोदरासारख्या रोगाची साथ पसरली आणि साठहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेलाच्या वेष्टनाविषयी आदेश काढला आणि सुट्या तेलाच्या विक्रीवर निर्बंध आले. किटली घेऊन दुकानात जाण्याची सवय पुणेकराने आळसापायी सोडली, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. त्या सवयीच्या पायाखालची जमीन कायद्याने काढून घेतली, आणि कायद्यालाही कारण होते.

११/ दरम्यान १९८० च्या दशकात तमिळनाडूतून निघालेली शाम्पूची छोटी पुडी देशभर पसरली. ज्या घराला बाटली परवडत नव्हती त्या घरालाही शाम्पू मिळू लागला. वाण्याच्या पुडीचे नाव तेच राहिले. वस्तू मात्र अशी झाली की ती ना जळण म्हणून चालत होती, ना रद्दीत विकली जात होती.

१२/ आता साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा आणि आसपासच्या जिल्ह्यांतून असंख्य भूमिहीन कुटुंबे पुण्यात आली. त्यांतील अनेक स्त्रिया, बहुसंख्येने दलित समाजातील, कचराकुंड्यांतून विकण्याजोग्या वस्तू वेचू लागल्या. कुंडीत हात घालून, कुत्र्यांशी झगडत, आणि पुष्कळदा चोरीचा संशय झेलत.

१३/ १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुणे परिसरातील प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांचा या स्त्रियांशी संबंध आला. पहिली मागणी साक्षरतेची नव्हती. कचरा कुंडीत सडण्याआधीच, सुका असताना, थेट घरातून मिळावा अशी होती. आज आपण ज्याला ‘ओला-सुका वेगळा करणे’ म्हणतो, त्याचा पुण्यातील उगम कोणत्याही सरकारी फलकाच्या आधी या मागणीत सापडतो.

१४/ मे १९९३ मध्ये हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आठशेहून अधिक कचरावेचकांची परिषद पुण्यात भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. नाव नीट वाचावे: कागद, काच, पत्रा. त्यात प्लॅस्टिक नाही. पुढील पंधरा-वीस वर्षांत या स्त्रियांच्या पोत्यांत सर्वाधिक जागा ज्याने व्यापली, तो पदार्थ संघटनेच्या नावात नाही. जुन्या भंगाराची परिभाषा किती वेगाने मागे पडली याचा याहून नेमका पुरावा मिळणे कठीण.

१५/ पंचायतीने ओळखपत्रे मिळवली आणि त्यांना महापालिकेची मान्यता घेतली. चोर ठरवली जाणारी बाई ‘कामगार’ ठरली. २००० सालच्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण आणि घरोघरी संकलन बंधनकारक केले, तेव्हा हे काम ठेकेदाराच्या गाडीकडे जाणार की या स्त्रियांकडे राहणार, हा पोटाचा प्रश्न उभा राहिला. त्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आकाराला आली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. घराकडून मासिक शुल्क आणि सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्न कामगाराचे, अशी ती रचना. पुढे तीन हजारांहून अधिक सभासद या कामात आले.

१६/ आता दुधाच्या पिशवीचा हिशेब. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी साधारण अडीच-तीन ग्रॅमची. एक किलो होण्यास साडेतीनशेच्या आसपास पिशव्या हव्यात. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घराला त्यासाठी सहा महिने लागतील. म्हणजे एका घराच्या दृष्टीने ही कमाई नगण्य. तरीही सवय टिकली. कारण माल एकजिनसी, रोज ठरलेल्या संख्येने येणारा आणि धुतल्यास स्वच्छ, म्हणून भंगाराच्या दुकानात त्याला हमखास गिऱ्हाईक. न धुतलेल्या पिशवीला दोन दिवसांत वास सुटतो आणि तिचा भाव पडतो. वेचणाऱ्या बाईचे नुकसान टळते ते ओट्यावरच्या अर्ध्या मिनिटात.

१७/ पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये, नुसती चीर द्यावी, या सूचनेमागेही हेच कारण आहे. नखाएवढा तुकडा कोणीही वेचत नाही; तो नाल्यात किंवा मातीत जातो.

१८/ सरकारी नियमांची भाषा मात्र वेगळी होती: मायक्रॉनची. १९९९ च्या केंद्रीय नियमांत पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तुंबलेल्या गटारांचे खापर पिशव्यांवर फुटले आणि २००६ च्या राज्य नियमांनी मर्यादा ५० वर नेली. पुढे केंद्राने २०२१ मध्ये ती ७५ आणि २०२२ अखेर १२० केली. जाड पिशवी महाग असल्याने दुकानदार ती फुकट देणार नाही, आणि वजनदार असल्याने वेचक ती उचलेल, असा यामागचा तर्क. तर्क चुकीचा नाही. पण भाजीवाल्याच्या हातगाडीशी उभे राहून मायक्रॉन मोजणार कोण?

१९/ २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लॅस्टिक व थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि कैदही. पुण्यात जुन्या पॅन्टच्या पिशव्या पुन्हा बाहेर निघाल्या, डबा घेऊन मटण आणायला जाणारे दिसू लागले, गणपतीच्या मखरांतून थर्माकोल हटू लागले. आठवडाभरातच किराणा वेष्टनाला सवलत द्यावी लागली. हळूहळू पातळ पिशव्याही परतल्या.

२०/ या अधिसूचनेत एक फारशी लक्षात न राहिलेली तरतूद होती: दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी मूल्य छापावे. काचेच्या बाटलीच्या काळातील परतफेड कायद्याने परत आणण्याचा तो प्रयत्न होता. वरच्या हिशेबाने किलोला पावणेदोनशे रुपये! डेअऱ्यांनी विरोध केला आणि योजना व्यवहारात रुजली नाही. बंदीपेक्षा हे कलम अधिक दूरदर्शी होते, असे म्हणावेसे वाटते.

२१/ या सगळ्याची किंमत शहराबाहेर मोजली जात होती. कोथरूडचा कचरा डेपो शहराच्या वाढीत गिळला गेला आणि पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीच्या खाणींच्या जमिनीवर पडत राहिला. विहिरींचे पाणी नासले, माशा आणि दुर्गंधी घरांत शिरली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि ग्रामस्थांनी कित्येक दिवस गाड्या अडवल्या. पेठांतील रस्त्यांवर ढीग साचले, तेव्हा आपला कचरा कोठे जातो हे पुष्कळ पुणेकरांना प्रथमच कळले. ज्या गोष्टीला भंगारात भाव असतो ती सहसा उरुळीपर्यंत पोहोचत नसे. वाटेतच कोणीतरी काढून घेई. तेथे जाई ते उरलेले.

२२/ आणि उरलेल्यात ते वेफर्सचे पाकीट असे. प्लॅस्टिकचे थर आणि धातूचा मुलामा एकमेकांस चिकटवून बनलेले; थर वेगळे करणे खर्चाचे, म्हणून भंगारात त्याला भाव नाही. ते धुऊन वाळवले तरी घेणारा नाही. घरच्या सवयीची सीमा येथे दिसते: कापडी पिशवी, स्टीलचा डबा, सुटे धान्य यांनी बरेच प्लॅस्टिक घरात येण्याआधीच थांबते, पण आत आलेल्या पाकिटापुढे गृहिणी आणि वेचक दोघीही हतबल ठरतात.

२३/ फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. वेष्टन बाजारात आणणाऱ्यानेच ते गोळा करण्याचा भार उचलावा, असे त्यांत सांगितले आहे. कागदोपत्री हा भार आता कंपन्यांचा आहे. प्रत्यक्षात तो सकाळी सातच्या सुमारास जिना चढून येणारी बाई उचलते, आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात दुधाच्या पिशव्या किती आणि पाकिटे किती, यावर तिची त्या दिवसाची कमाई ठरते.