संशोधनाचा खर्च कोणी उचलला?

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत पुढच्या शिक्षणासाठी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष चाचणीचं, नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं, १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली आणि मग त्या संस्थेत इतर मुलींचीही वाट मोकळी झाली. याच पुढे कमला सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाल्या.

त्यांच्या जिद्दीची ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकली असेल. तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि तेही याच संस्थेत शिकलेले. दुर्गाबाई भागवत ही सख्खी बहीण. बंगळूरला काय शिकवतात, अर्ज कुठे करायचा, हे त्या घरात कुणाला विचारावं लागत नव्हतं. रामन यांनी अडवलं ते दार फार थोड्या मुलींना दिसत तरी होतं! केंब्रिजला जाताना मात्र त्यांनाही शिष्यवृत्तीचा आधार लागला. वनस्पतींतल्या सायटोक्रोमवरच्या कामासाठी १९३९ मध्ये त्यांना तिथली डॉक्टरेट मिळाली.

त्याआधी तेलिचेरीच्या जानकी अम्माळ अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पोहोचल्या होत्या. मागास मानल्या गेलेल्या तिय्या समाजात जन्मलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंना आशियातल्या स्त्रियांसाठी ठेवलेल्या बार्बर शिष्यवृत्तीने तिथे नेलं. १९३१ मध्ये त्या डॉक्टरेट झाल्या. कुणा परक्या गृहस्थाने ठेवलेल्या पैशातून हे घडलं.

आज जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत मुली भरपूर आहेत. अडचण आता वेगळी आहे. नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. गावाकडच्या घराला ही रक्कम लहान नाही. पण ती न मिळालेल्याला केंद्रीय विद्यापीठात ८,००० रुपयांवर भागवावं लागतं. शिवाय फेलोशिप वेळेवर येईलच असं नाही. बाहेर शिकवण्या करून पोट भरावं, तर वाढवायला ठेवलेल्या पेशींना आणि जिवाणूंना रविवार कळत नाही. घरचा पगार असलेला मुलगा सहा महिने कळ काढतो. शेतमजुराची मुलगी औषध कंपनीत नोकरी धरते, आणि आपण म्हणतो, तिला संशोधनाची आवड नव्हती. हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली. शिकून आलेल्याने रक्कम फेडायची, ती पुढच्याच्या उपयोगी पडायची. ती आजही चालू आहे. मेळाव्याच्या सभेत शिल्लक निधीचं काय करायचं हा विषय निघेलच. कमान, घड्याळ, पाण्याची टाकी या सूचना दरवेळी येतात. त्यांच्याबरोबर यंदा वसतिगृहाची अनामत, मेसचे पैसे आणि नेटची फी याही गोष्टी बोलायला हव्यात.