रक्ताचे माहेर

रक्ताइतका ओळखीचा पदार्थ आपल्या देहात दुसरा नाही. बोट कापले की ते दिसते. परंतु हे रक्त जन्मते कोठे, ही गोष्ट माणसाला खात्रीने कळून अवघी दीडशे वर्षे झाली आहेत. आणि त्या जन्मस्थानाची घडण कशी आहे, हे तर गेल्या पन्नास वर्षांतच उमगू लागले. त्या शोधाची हकीकत येथे सांगावयाची आहे. ती सांगण्यामागे निव्वळ कुतूहलाखेरीज एक व्यवहाराचे कारणही आहे. ते आम्ही शेवटी मांडू.

प्रथम या कारभाराचा व्याप पाहू. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते आणि मोडीत निघते. तिची जागा भरून काढण्यासाठी प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे २०० अब्ज नव्या तांबड्या पेशी तयार व्हाव्या लागतात. पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका यांचा हिशेब निराळाच. आयुर्वेदाने सप्तधातूंची जी ओळ लावली, तीत रक्त दुसरे आणि मज्जा सहावी. म्हणजे रक्त आधी, मज्जा मागाहून. रक्तवह स्रोतसांचे मूळ चरकसंहितेने यकृत व प्लीहा येथे सांगितले. गर्भावस्थेतील काही महिने रक्त खरोखरच यकृतात तयार होते, हे आज ठाऊक आहे. तेवढ्यावरून प्राचीनांच्या पदरी आधुनिक ज्ञान बांधू नये, तसेच त्यांना हसूही नये. युरोपातही यकृत हेच रक्ताचे घर, अशी समजूत शतकानुशतके होती.

ही समजूत १८६८ साली मोडली. कोनिग्सबर्ग येथील अर्न्स्ट नॉयमान याने हाडांच्या पोकळीतील मऊ मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. तीत त्याला केंद्रक असलेल्या, अजून अपक्व अशा तांबड्या पेशी आढळल्या. रक्त येथेच घडते, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच वर्षी इटलीत ज्यूलिओ बिझ्झोझेरो हाही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आला. समकालीनांपैकी पुष्कळांना हे पटले नाही. हाड म्हणजे देहाचा वासा. त्याच्या आत एवढा जिवंत कारखाना चालू असेल, हे कोणाच्या मनात यावे?

मज्जेचे खरे महत्त्व जगाला कळले ते मात्र एका भयंकर घटनेतून. १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी येथे अणुबाँब पडले. स्फोटातून वाचलेली कित्येक माणसे पुढील काही आठवड्यांत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांनी मरण पावली, कारण किरणोत्साराने त्यांची मज्जा जळाली होती. यावर उपाय काय, हा प्रश्न प्रयोगशाळांपुढे उभा राहिला. १९४९ साली अमेरिकेत लिऑन जेकबसन याने दाखविले की, उंदराची प्लीहा शिशाने झाकून ठेवली तर मारक किरणांतूनही तो वाचतो. १९५१ साली एगॉन लोरेन्झ व त्याचे सहकारी यांनी किरणदग्ध प्राण्यांना निरोगी मज्जा टोचून वाचविले. वाचविणारी वस्तू कोणती, एखादे द्रव्य की जिवंत पेशी, यावर वाद झाला. टोचलेल्या पेशी गुणसूत्रांच्या खुणेवरून ओळखता येतात, असे १९५६ साली इंग्लंडातील प्रयोगांनी सिद्ध केले, तेव्हा निकाल पेशींच्या बाजूने लागला.

मग सगळ्याच पेशी की काही निवडक? याचे उत्तर १९६१ साली टोरांटोत मिळाले. जेम्स टिल हा भौतिकशास्त्रज्ञ आणि अर्नेस्ट मॅक्युलक हा वैद्य. किरण दिलेल्या उंदरांना त्यांनी मज्जेच्या मोजक्या पेशी टोचल्या आणि सुमारे दहा दिवसांनी त्यांच्या प्लीहा तपासल्या. प्लीहांवर लहान लहान गाठी उठल्या होत्या, आणि जितक्या पेशी अधिक टोचल्या तितक्या गाठीही अधिक होत्या. एकेक गाठ एकाच पेशीची प्रजा असते, हे त्यांनी १९६३ साली सहकाऱ्यांसह दाखविले. रक्ताची मूलपेशी ती हीच. मज्जेतील दहा हजार पेशींत एखादी, किंवा त्याहूनही विरळ. रोह्यासारख्या भाताच्या मुलखात तिचे काम समजावून सांगणे सोपे आहे. शेतकरी सगळे भात कांडून खात नाही. पुढच्या राबासाठी बियाणे बाजूला ठेवतो. मूलपेशीही विभागताना काही प्रजा रक्त होण्यासाठी धाडते आणि काही मूलपेशी म्हणूनच राखून ठेवते. बियाणे संपले की शेत संपले.

येथवर सर्वांचे लक्ष बियाण्यावर होते. जमिनीचा विचार १९७८ साली पुढे आला. मँचेस्टरचा रे स्कोफील्ड याला एक विसंगती दिसली. प्लीहेवरील गाठींतून काढलेल्या पेशी मज्जेतील मूलपेशींइतक्या टिकाऊ नव्हत्या. त्याने अनुमान केले की, मूलपेशीचे मूलपेशीपण तिच्या एकटीच्या अंगी नसते. ती ज्या जागी बसते ती जागाही ते राखते. त्या जागेला त्याने जे नाव दिले, त्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: कोनाडा. कोनाड्यातला दिवा वाऱ्यातही टिकतो. तोच ओट्यावर आणून ठेवला की विझतो. २००३ साली दोन प्रयोगशाळांनी हाड घडविणाऱ्या पेशींचा या कोनाड्याशी संबंध दाखविला. २००५ साली पुष्कळशा मूलपेशी मज्जेतील बारीक रक्तवाहिन्यांना लागून असतात असे दिसले. त्या वाहिन्यांलगतच्या आधारपेशी असे रेणू सोडतात की, मूलपेशी जागेला धरून राहते आणि अकाली खर्ची पडत नाही.

या विद्येचा रोग्याला उपयोग व्हावा म्हणून झालेली धडपड याच काळातली. अमेरिकेत डॉनल टॉमस याने १९५७ साली रोग्यांना दुसऱ्याची मज्जा देऊन पाहिली. ते रोगी वाचले नाहीत. १९५८ साली फ्रान्समध्ये झाँ दोसे याने पांढऱ्या पेशींवरील जुळणीच्या खुणांपैकी पहिली खूण ओळखली, आणि दाता कोण असावा हे हळूहळू कळू लागले. टॉमसला १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या सिअ‍ॅटल येथील केंद्रात शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली भारतातील पहिले मज्जारोपण केले. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. डॉ. अडवाणी यांना बालपणीच पोलिओ झाला होता, आणि हे सारे काम त्यांनी चाकांच्या खुर्चीतून केले. पुढे टाटा केंद्राचा हा विभाग खारघरला गेला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आला.

पेशी देहाबाहेर वाढविण्याची विद्या महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांच्याकडे जाते. डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली तयार होऊन व बाल्टिमोर येथे शिकून त्यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे व डॉ. ललिता लिमये यांनी रक्ताच्या मूलपेशी आणि त्यांचा कोनाडा यांवर वर्षानुवर्षे काम केले. त्यांच्या गटाने २०१८ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तरुण उंदरांच्या आधारपेशी ज्या सूक्ष्म पुटिका बाहेर टाकतात, त्या मिळाल्यावर म्हाताऱ्या उंदरांच्या मूलपेशींची मंदावलेली शक्ती पुन्हा वाढली. म्हणजे वार्धक्याचा काही भाग बियाण्याचा आणि काही जमिनीचा. हे अजून उंदरांपुरते आहे, हे विसरून चालणार नाही.

आता ते व्यवहाराचे कारण. एका सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. घरात जुळणारे कोणी नसेल तर परक्या दात्याचा शोध घ्यावा लागतो, आणि तो आपल्याच समाजात मिळण्याचा संभव अधिक असतो. दात्यांच्या नोंदपटावर आपली माणसे थोडी असतील तर आपलेच रोगी अडतात. आणि येथे आमची भाषाच वाट अडविते. पाठीच्या कण्यातील दोरीला आपण मज्जारज्जू म्हणतो, म्हणून मज्जा दिली की माणूस लुळा पडेल असे भय लोकांना वाटते. वस्तुतः या दोहोंत नावापलीकडे काही नाते नाही. मज्जा काढतात ती कमरेच्या हाडातून, भूल देऊन. आणि ती काही आठवड्यांत भरून येते. आता तर बहुधा इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात उतरवितात आणि यंत्राने वेगळ्या करून घेतात. रोग्याला त्या साध्या शिरेतून देतात. रक्ताबरोबर फिरत फिरत त्या आपला कोनाडा आपण शोधतात आणि तेथे वस्तीला राहतात.

नॉयमानच्या निष्कर्षाला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. रक्ताचे माहेर कोठे, याबद्दल आता विद्वानांत वाद राहिलेला नाही. घराघरांतला मज्जारज्जूचा गैरसमज तेवढा उरला आहे, आणि तो दूर करावयास प्रयोगशाळा लागत नाही. येथून घरी गेल्यावर चार माणसांना या दोन शब्दांतला भेद समजावून सांगितला, तरी एखाद्या अनोळखी रोग्याच्या वाटेतला एक धोंडा बाजूला सरेल.