उल्का-प्रकीर्णन संदेशवहन व हौशी रेडिओ

वातावरणात शिरलेली उल्का जळताना मागे जो आयनीभूत वायूचा पट्टा सोडते, त्यावरून रेडिओ तरंग परावर्तित करून क्षितिजापलीकडील केंद्राशी संदेशांची देवघेव करण्याच्या पद्धतीस उल्का-प्रकीर्णन संदेशवहन म्हणतात. सेकंदास ११ ते ७२ किमी. वेगाने येणारे हे कण सु. ८० ते १२० किमी. उंचीवर बाष्परूप होतात. बहुतेक कण वाळूच्या कणाएवढेच असल्याने त्यांचा पट्टा विरळ असतो आणि सेकंदाच्या काही अंशातच विसरण पावतो. तेवढ्या अवधीत जे सांगून होईल तोच संदेश. या पद्धतीचा इतिहास म्हणजे बव्हंशी या एका अडचणीशी दिलेला झगडा होय.

उल्कांचा रेडिओ तरंगांच्या प्रसारणावर परिणाम होत असावा, ही कल्पना जपानी भौतिकीविज्ञ हांतारो नागाओका यांनी १९२९ मध्ये मांडली. पुढे अमेरिकेत ए. एम. स्केलेट यांनी तिचा पाठपुरावा केला. भारतातील काम यानंतर लवकरच झाले. शिशिरकुमार मित्र, पी. श्याम व बी. एन. घोष यांनी कोलकाता येथे उल्कावर्षावाचा आयनांबरावर होणारा परिणाम अभ्यासला; त्याचा वृत्तांत ‘नेचर’ या नियतकालिकात १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४१ मध्ये चमनलाल व वेंकटरामन यांनी ‘शीळ घालणाऱ्या उल्कां’चे वर्णन केले. प्रेषकाकडून थेट आलेला तरंग व उल्केवरून परतलेला तरंग यांच्या कंप्रतांत डॉप्लर परिणामामुळे किंचित फरक पडतो आणि ग्राहीमध्ये उतरत्या स्वराची शीळ ऐकू येते. आकाशातील ठिणगी कानांनी टिपण्याचा हा प्रकार आजही नवशिक्यास चकित करतो.

हौशी रेडिओकारांनी १४४ मेगॅहर्ट्‌झ पट्ट्यात पहिला दुतर्फा संपर्क ऑक्टोबर १९५४ मध्ये साधला. टेनेसी राज्यातील पॉल विल्सन व न्यू जर्सीतील राल्फ टॉमस यांनी मृग उल्कावर्षावाच्या दिवसांत, मोर्स संकेतांत, दीर्घ प्रयत्नांनंतर हे यश मिळविले. त्यानंतर यूरोपातील हौशींनी मोर्स संदेश फीतमुद्रकावर घेऊन तो अतिवेगाने प्रेषित करण्याची आणि आलेला खंड मंद गतीने वाजवून वाचण्याची युक्ती रूढ केली. कॅनडात १९५० नंतरच्या दशकात उभारलेली ‘जॅनेट’ ही प्रणालीही क्षणिक मार्ग खुला होताच साठविलेला मजकूर वेगाने सोडून देई.

अंकीय युगाचा आरंभ २००१ मध्ये झाला. युग्म स्पंदकाच्या शोधासाठी १९९३ चे नोबेल पारितोषिक (रसेल हल्स यांच्यासमवेत) मिळविणारे जोसेफ टेलर हे हौशी रेडिओकारही होत. त्यांच्या संगणक प्रणालीतील एफएसके ४४१ या पद्धतीत चार स्वर वापरून सेकंदास १४७ अक्षरे पाठविता येतात; म्हणजे एक दशांश सेकंदाच्या झोतातही चौदा अक्षरे हाती लागतात. २०१६ पासून प्रचारात आलेल्या एमएसके १४४ मध्ये १४४ अंकांची संपूर्ण चौकट केवळ ७२ मिलिसेकंदांत संपते. प्रेषक तीच चौकट १५ सेकंद पुनःपुन्हा पाठवितो, नंतरचे १५ सेकंद ऐकतो. संदेश तरी किती? दोघांची ओळखचिन्हे, ग्रहणाचा दर्जा आणि पोच. पोच दोन्ही बाजूंस मिळाल्याखेरीज संपर्क पूर्ण झाला असे मानीत नाहीत.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) हे स्थान घेतल्यास या पद्धतीचे भूमितीय स्वरूप स्पष्ट होते. येथून बंगळूर सरळ रेषेत सु. ८०० किमी., दिल्ली सु. १,००० किमी. व कोलकाता सु. १,४०० किमी. आहे. वरच्या मर्यादेचे (सु. २,२०० किमी.) बंधन या तिन्ही मार्गांना आड येत नाही. उलट, अवघ्या २७५ किमी.वरील मुंबई अधिक अवघड. कारण तेथे पट्टा जवळजवळ डोक्यावर यावा लागतो आणि क्षितिजाकडे रोखलेला आकाशक निरुपयोगी ठरतो. भारतात हौशींना १४४ ते १४६ मेगॅहर्ट्‌झ पट्टा खुला आहे. परंतु त्याचा वापर मुख्यतः पुनःप्रेषकांमार्फत होणाऱ्या स्थानिक संभाषणासाठी होतो. त्यासाठीची कंप्रता-विरूपण पद्धतीची साधने येथे चालत नाहीत. सिंगल साइडबँड प्रेषक-ग्राही, दिशिक आकाशक आणि अचूक घड्याळ लावलेला संगणक असला, तरी दुसऱ्या टोकास तशीच सामग्री घेऊन कोणी तरी त्याच घटकेस ऐकत असणे आवश्यक असते. खरी उणीव या जोडीदाराची आहे.

प्रयोगास सूर्योदयाच्या आसपासची वेळ उत्तम. पृथ्वीची पुढची बाजू तेव्हा आपल्याकडे असते आणि समोरून येणारे कण अधिक व अधिक वेगाने आदळतात. सायंकाळी सहाच्या सुमारास ते सर्वांत कमी असतात. ययाती वर्षाव १२-१३ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे ऐन पावसाळ्यात, शिखरास पोहोचतो. मराठवाड्यातील आकाशनिरीक्षकाच्या पदरी तेव्हा बहुधा ढगच पडतात, पण रेडिओ तरंगांना त्यांची अडचण नाही. दिवसाच्या उजेडाचीही नाही : डोळ्यांना कधीच न दिसणारे दिवसाचे उल्कावर्षाव १९४७ मध्ये इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे रडारनेच उघड केले.