टर्बोचा कांटा आणि वैशाखाची हवा

जालना जिल्ह्यांतील अंबड तालुक्यांत समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आश्रयानें अंकुशनगर ही वसाहत उभी राहिली. साखर कारखाना म्हटला कीं त्याची एक काटकसर ध्यानांत येते. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली वाफ तेथें आकाशांत सोडून देत नाहींत. तिच्या अंगीं उरलेल्या उष्णतेवर उंसाचा रस आटवून घेतात. तेलावर चालणाऱ्या इंजिनांतून फुकट जाणाऱ्या धुराकडूनही असेंच कांहीं काम करून घ्यावें, हा विचार आल्फ्रेड ब्यूखी या स्विस यंत्रविशारदास सुचला. त्याचें पेटंट १९०५ सालचें आहे. युक्ति ऐकावयास सोपी आहे. धुराच्या झोतानें एक लहानसें चक्र फिरवावयाचें. त्याच आंसाच्या दुसऱ्या टोकास बसविलेलें चक्र बाहेरची हवा ओढतें आणि दाबून सिलिंडरांत भरतें. हवा अधिक म्हणजे तिच्यांत जाळतां येणारें इंधनही अधिक, आणि अर्थात् शक्तिही अधिक. वातावरणाच्या दाबावर चढलेल्या या दाबास आजचे मोटारवाले ‘बूस्ट’ म्हणतात, आणि हौशी मंडळी तर तो दाखविणारा कांटा डोळ्यांसमोर बसवून त्याकडे मोठ्या अभिमानानें पाहतात.

या कांट्यावर विश्वास किती ठेवावा, हाच खरा प्रश्न आहे. इंधन किती जळेल हें हवेच्या दाबावर नव्हे, तिच्या वजनावर ठरतें; आणि हवा तापली कीं प्रसरण पावून विरळ होते, हें तर शाळेंतील पदार्थविज्ञानाच्या पहिल्याच पुस्तकांत सांगितलेलें असतें. विरळ हवेंत इंजिनाची कशी दैना होते, याचा दाखला १९१८ सालीं अमेरिकेंत मिळाला. सॅनफर्ड मॉस या अभियंत्यानें विमानाचें एक लिबर्टी इंजिन मालमोटारीवर चढवून पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेलें. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन तेथें २३० च्या आसपास येऊन थांबलें. टर्बो जोडतांच ३५६ पर्यंत चढलें. उंचीचें दुखणें अशा रीतीनें बरें झालें. उष्णतेचें दुखणें मात्र निराळें आहे. टर्बोच्या औषधानें तें उलट वाढतें.

तें कसें, हें जालन्याच्याच हवेवरून पाहावें. हा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंच. म्हणजे हवेच्या दाबांत थोडी खोट येथें बारमाही आहेच. पौषांतल्या पहाटे पारा १० अंश सेल्सिअसवर असावा आणि वैशाखाच्या दुपारीं ४२ वर. एवढ्या फरकानें हवेचें सुमारें दशमांश वजन नाहींसें होतें. पण हिशेब येथें संपत नाहीं. सायकलींत हवा भरतांना पंप तापतो, तीच गत टर्बोची. त्यानें हवेचा दाब दुप्पट केला आणि त्याची कार्यक्षमता शेंकडा ७० धरली, तर पहाटेची १० अंशांची हवा सुमारें ९९ अंशांची होऊन बाहेर पडते. दुपारची ४२ अंशांची हवा १४१ अंशांवर जाते. बाहेर ३२ अंशांचें अंतर होतें, तें आंत ४२ झालें! सावकाराच्या व्याजाची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. या व्याजावर उपाय म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्यें ‘इंटरकूलर’ नांवाची जाळी बसवितात. तिच्यांतून जातांना हवा निवते हें खरें. परंतु ती जाळी स्वतः बाहेरच्या वाऱ्यावरच निवणारी, म्हणून भोंवतालच्या हवेपेक्षां थंड हवा ती कांहीं केल्या देऊं शकत नाहीं. वैशाख शेवटीं वैशाखच राहतो.

मोठीं यंत्रें बांधणाऱ्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती, आणि त्यांनीं ती निमूटपणें मान्य केली. भारतीय रेल्वेवर १९६२ सालीं अमेरिकेच्या अल्को कंपनीचीं डब्ल्यूडीएम-२ जातीचीं डिझेल इंजिनें आलीं व १९६४ पासून तीं वाराणसीस तयार होऊं लागलीं. पुण्याच्या शेडमधूनही हीं इंजिनें वर्षानुवर्षें धांवलीं. त्यांना टर्बो होता आणि हवा निवविण्याची व्यवस्थाही होती. कागदावर त्यांची शक्ति २६०० अश्वशक्ति. परंतु या देशाचें ऊन व उंची लक्षांत घेऊन ती २४३० च धरण्यांत आली. म्हणजे १७० अश्वशक्ति हवामानाच्या नांवानें आधींच वजा केली. शर्यतीच्या शौकिनांस हा भित्रेपणा वाटेल. पण त्या इंजिनांनीं भर उन्हाळ्यांत मालाचे डबे ओढले, ते याच वजाबाकीच्या जोरावर.

पेट्रोलच्या गाडीला तर ही वजाबाकी अधिकच अगत्याची. तापलेल्या दाट मिश्रणाचा कांहीं भाग ठिणगीची ज्योत पोंचण्यापूर्वींच आपोआप भडकतो आणि दट्ट्यावर हातोडीसारखे ठोके बसूं लागतात. १९६२ सालीं ओल्ड्समोबील कंपनीनें ‘जेटफायर’ ही टर्बोची मोटार बाजारांत आणली, तेव्हां हे ठोके टाळण्यासाठीं तिच्यांत पाणी आणि मिथेनॉल यांचें मिश्रण फवारणारी एक स्वतंत्र टाकी ठेवली. गिऱ्हाईकें ती टाकी भरावयास विसरत. ती रिकामी झाली कीं यंत्र आपला दाब आपणच उतरवी, गाडी मंद होई, आणि मालक कारखान्याच्या नांवानें बोटें मोडीत. १९६३ नंतर ती गाडी निघाली नाहीं.

महाराष्ट्रांत १९९८ सालीं टाटांच्या पुण्याच्या कारखान्यांतून आलेल्या ‘सफारी’सारख्या गाड्यांनीं टर्बो हा शब्द घरोघरीं नेला, आणि पुढें गाडीचा टर्बो वाढवून घेण्याचा नादही शहरांतून पसरला. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा गाड्यांच्या शर्यतीही झाल्या. कारखान्यांतून आलेल्या गाडींत धुराला दुसरी वाट करून देणारी एक झडप असते; ठरलेला दाब आला कीं ती उघडते. त्यामुळें कांटा जानेवारींत आणि मे महिन्यांत बहुधा एकाच आंकड्यावर थांबतो. पाहणाऱ्यास वाटतें, कांहींच बदललें नाहीं. प्रत्यक्षांत मे महिन्यांत तोच दाब गांठण्यासाठीं चक्राला अधिक वेगानें फिरावें लागतें, आणि इतकें करून हवा मिळते ती हलकी व तापलेली. थंडींत याच्या उलट. जड हवेंत दाब चटकन् चढतो, आणि मूळ झडप वाढविलेल्या टर्बोला अपुरी पडत असेल तर ठरल्या रेषेच्या पुढेंही जातो. आंत येणाऱ्या हवेची उष्णता मोजून ठिणगी मागें घेणारी विद्युत्-यंत्रणा अलीकडच्या गाड्यांत असते. कांहीं कारागीर शक्तीच्या हव्यासानें ही दुरुस्तीच कमी करून ठेवतात, आणि तीही गारठलेल्या सकाळीं, गाडी उत्तम पळत असतांना! रेल्वेच्या जुन्या पद्धतीनें पाहिलें, तर अशा गाडीची जुळणी मे महिन्यांत, भर दुपारीं, जालना रस्त्यासारख्या उघड्या माळावरच तपासावयास हवी. पौषांत तिला जी अधिक शक्ति मिळेल, ती वरकड समजावी.