पिकअप वाहनातील अखंड आस निलंबन

अखंड आस निलंबन किंवा सॉलिड ॲक्सल सस्पेन्शन ही मोटारवाहनाची अशी निलंबन रचना आहे, जिच्यात डावे व उजवे चाक एकाच ताठ आसाच्या दोन टोकांना बसवलेले असते. एक चाक दगडावर चढले की संपूर्ण आस तिरका होतो आणि दुसऱ्या चाकाचा कलही बदलतो. बहुतेक पिकअप वाहनांचा मागील आस याच प्रकारचा असतो. खडबडीत भूभागावर चालवण्यासाठी काही वाहनधारक पुढील स्वतंत्र निलंबन काढून तेथेही अखंड आस बसवतात. या बदलाचा परिणाम सुकाणू, ब्रेक, प्रेषण आणि वाहनाचे स्थैर्य या सर्वांवर होत असल्याने तो एका सुट्या भागाची अदलाबदल ठरत नाही. भारतात अशा बदलाला मोटारवाहन कायद्याच्या मर्यादाही लागू होतात.

रचना

बैलगाडीचा आस हे अखंड आसाचे सर्वांत साधे रूप होय. त्यावर फक्त भार असतो व चाके त्याच्या टोकांवर मोकळी फिरतात. इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या आसात मात्र पोलादी नळ्या, मध्यभागी डिफरन्शियलचे हौसिंग आणि आतून फिरणारे दोन शाफ्ट असतात. अर्ध-तरंगत्या प्रकारात शाफ्टला वाहनाचा भारही पेलावा लागतो. पूर्ण-तरंगत्या प्रकारात भार हौसिंग पेलते व शाफ्ट केवळ पीळ वाहून नेतो. त्यामुळे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. अधिक वजन वाहणाऱ्या वाहनांत म्हणूनच दुसरा प्रकार वापरतात.

आस सांगाड्याला दोन प्रमुख पद्धतींनी जोडला जातो. पहिल्या पद्धतीत पोलादी पाट्यांची कमान भार पेलते आणि आसाला जागेवरही धरून ठेवते. कमानपाट्यांची ताठरता पाट्याच्या जाडीच्या घनाच्या समप्रमाणात आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. जाडी १० टक्के वाढवली तर ताठरता सुमारे ३३ टक्के वाढते. लांबी १० टक्के वाढवली तर ती सुमारे २५ टक्के कमी होते. दुसऱ्या पद्धतीत कॉइल स्प्रिंग केवळ भार पेलते. आसाची पुढे-मागे होणारी हालचाल तीन किंवा चार दांड्या रोखतात आणि बाजूची हालचाल बहुधा पॅनहार्ड दांडी रोखते.

इतिहास

इंग्लंडमधील ओबडाया एलियट यांनी १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार कमानपाट्यांचे एकस्व मिळवले व घोडागाड्यांचा प्रवास सुसह्य झाला. मोटारगाड्यांनी हीच व्यवस्था स्वीकारली. १९२२ मध्ये सादर झालेल्या इटलीच्या लान्चिया लाम्ब्डा या मोटारीत पुढील चाकांना स्वतंत्र निलंबन होते. पुढे प्रवासी मोटारींमधून पुढील अखंड आस हळूहळू मागे पडला. मालमोटारी व रानवाटांवरील वाहनांत तो टिकला. १९४१ ची विलिज एमबी जीप पुढे व मागे कमानपाट्यांवरील अखंड आसांची होती. १९७० च्या रेंज रोव्हरने अखंड आसांना कॉइल स्प्रिंगची जोड दिली.

महाराष्ट्रातील वाहननिर्मितीची सुरुवातही याच रचनेने झाली. सोलापूर येथे १८८२ मध्ये जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीने अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने मोटारी व मालमोटारी तयार केल्या. महिंद्र उद्योगसमूहाने १९४७ पासून मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. १९८८ मध्ये पुण्यातील टेल्कोने टाटामोबाइल २०६ हे पिकअप वाहन बाजारात आणले.

पुढील अखंड आस बसवण्याची छांदिष्टांची प्रथा प्रामुख्याने अमेरिकेत रुजली. तेथे शेव्हरोलेच्या चारचाकी चालनाच्या पिकअप वाहनांत १९८८ पासून, तर टोयोटाच्या पिकअपमध्ये १९८६ च्या मॉडेलपासून पुढील स्वतंत्र निलंबन आले. रस्त्यावर ते अधिक आरामदायी होते. परंतु खडकाळ वाटांवर जुना आस पसंत करणाऱ्यांनी तो नव्या वाहनांत बसवण्यास सुरुवात केली.

गुण व मर्यादा

अखंड आसात हलणारे सांधे कमी असतात. एक चाक वर गेले की दुसरे खाली दाबले जाते, त्यामुळे उंचसखल जमिनीवर चाकांचा जमिनीशी संपर्क दीर्घकाळ टिकतो. निलंबन दबले तरी डिफरन्शियलखालील मोकळी जागा जवळपास तेवढीच राहते. स्वतंत्र निलंबनात ती कमी होते.

याउलट, आसाचे संपूर्ण वजन स्प्रिंगच्या खालच्या बाजूस असल्याने वेगात खड्ड्याचा धक्का अधिक जाणवतो. स्प्रिंग उंच केल्याने सांगाडा वर जातो, डिफरन्शियल मात्र वर जात नाही. आसाखालील जागा वाढवायची तर चाकाची त्रिज्या वाढवावी लागते. टायरचा व्यास ३० इंचांवरून ३३ इंच केल्यास आस सुमारे ३८ मिलिमीटर वर जातो, पण चाकावरील ओढ घटते. वेगमापकात दुरुस्ती न केल्यास तो ताशी ६० किलोमीटर दाखवत असताना वाहनाचा खरा वेग ६६ असतो.

सोलापूर जिल्ह्यातील काळी माती पाण्याने फुगते व चाकांना चिकटते. अशा चिखलात चाकांच्या मुक्त हालचालीइतकेच टायरची नक्षी, हवेचा दाब आणि डिफरन्शियल लॉक यांना महत्त्व असते. डिफरन्शियलचे हौसिंग चिखलात रुतल्यास ते नांगराप्रमाणे ओढले जाते. त्यामुळे ओल्या शेतातून माल काढण्याच्या कामात केवळ आस बदलल्याने अपेक्षित लाभ मिळेलच असे नाही.

रूपांतराची अभियांत्रिकी

आसाची निवड: पुढील व मागील आसांचे गिअर गुणोत्तर सारखे असावे लागते, अन्यथा चारचाकी चालनात प्रेषणावर ताण साठतो व भाग तुटतात. पुढील आसाचे डिफरन्शियल ट्रान्स्फर केसच्या पुढील शाफ्टच्या बाजूस असणे आवश्यक असते. भारतात सुकाणू उजवीकडे असल्याने सुकाणूची पेटी, एक्झॉस्ट नळी आणि प्रोपेलर शाफ्ट यांच्या जागेचा एकत्रित विचार करावा लागतो.

कोनांचे संतुलन: चाक सरळ मार्गावर परत येण्यासाठी सुकाणू-अक्ष मागे झुकलेला असावा लागतो, या झुकावाला कॅस्टर कोन म्हणतात. वाहन उंच केल्यावर प्रोपेलर शाफ्टचा उतार वाढतो. तो जुळवण्यासाठी आस फिरवून पिनियन वर केला तर पुढील आसाचा कॅस्टर घटतो आणि वाहन रस्त्यावर भरकटू लागते. दोन्ही कोन साधण्यासाठी आसाच्या टोकांवरील नकल कापून नव्या कोनात पुन्हा जोडावे लागतात. साध्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान नसल्यास प्रत्येक फेऱ्यात दोनदा गतीचा चढउतार होतो व कंप निर्माण होतो.

सुकाणू: स्वतंत्र निलंबनासोबत येणारी रॅक-पिनियन यंत्रणा वर-खाली होणाऱ्या अखंड आसाला सहसा जुळत नाही. तिच्याऐवजी सांगाड्यावर सुकाणू पेटी बसवावी लागते. पेटीकडून चाकाकडे जाणारी दांडी व पॅनहार्ड दांडी शक्यतो समांतर आणि सारख्या लांबीच्या ठेवतात. तसे नसल्यास प्रत्येक खड्ड्यावर चाके आपोआप वळतात. सैल सांधे व चुकीचे कोन एकत्र आल्यास ठरावीक वेगाला पुढची चाके जोराने थरथरतात आणि चालकाचा ताबा सुटू शकतो.

ब्रेक: आसाचा प्रवास वाढल्यावर जुन्या ब्रेक नळ्या ताणल्या जाऊन तुटण्याचा धोका असतो. अनेक पिकअप वाहनांत मागील आसाची उंची ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारी झडप असते. वाहन उंच केल्यावर ती भाररहित स्थितीच गृहीत धरते आणि पूर्ण भार असतानाही मागील ब्रेक कमी लागतो. चाकांच्या गतीचे संवेदक न जुळल्यास एबीएस यंत्रणा निकामी होते.

जोडकाम: आसाच्या नळीवर एकाच जागी सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने नळी वाकते. म्हणून लहान टप्प्यांत, आलटून-पालटून आणि थंड होऊ देत वेल्डिंग करतात. ओतीव हौसिंगला जोड देण्यापूर्वी ते तापवून घ्यावे लागते. सांगाड्यावरील कंसांचा भार मोठ्या पट्टीवर पसरवला जातो, कारण एका रेषेवर आलेला ताण तेथेच तडा पाडतो.

स्थैर्य

वाहन कडेला उलटण्याची प्रवृत्ती चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांवर अवलंबून असते. चाकांमधील अंतराला उंचीच्या दुपटीने भागल्यास स्थैर्याचा ढोबळ निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, अंतर १,५०० मिमी व उंची ७५० मिमी असेल तर तो १.०० येतो. गुरुत्वमध्य ७५ मिमी वर गेल्यास तो सुमारे ०.९१ होतो. हौद्यात उंच रचलेला माल ही घट आणखी वाढवतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सीएनजी संचासारखे काही ठरावीक बदल विहित अटींवर करता येतात. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

निर्मात्याच्या नमुना वाहनाला केंद्रीय मोटारवाहन नियमांच्या नियम १२६ खाली मान्यता घ्यावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा चाचण्या करणारी एक संस्था आहे. एखाद्या गॅरेजमध्ये बदललेले वाहन या चाचण्यांतून गेलेले नसते. एमएच १३ हा सोलापूर आणि एमएच ४५ हा अकलूज येथील परिवहन कार्यालयाचा नोंदणी संकेतांक आहे. बदलाविषयीचे नियम दोन्हीकडे सारखेच लागू आहेत. वाहन केवळ खासगी जागेत चालवले म्हणून आपोआप सूट मिळत नाही, कारण कलम ३९ मधील नोंदणीची अट सार्वजनिक जागेसोबत ‘अन्य कोणत्याही जागे’लाही लागू आहे. फक्त कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेली खास प्रकारची वाहने मोटारवाहनाच्या व्याख्येतून वगळली आहेत.

कारखान्यातून मिळणारे पर्याय

भारतात २०२३ मध्ये विक्रीस आलेल्या सुझुकी जिमनीत पुढे व मागे कॉइल स्प्रिंगवरील अखंड आस आहेत. २०२० च्या महिंद्रा थारमध्ये पुढे स्वतंत्र निलंबन व मागे दांड्यांनी धरलेला अखंड आस आहे. २०२१ च्या फोर्स गुरखाची मांडणीही तशीच आहे. इसुझू व्ही-क्रॉस व टोयोटा हायलक्स या पिकअप वाहनांत पुढे स्वतंत्र निलंबन आणि मागे कमानपाट्यांवरील अखंड आस असतो. ही वाहने मूळ रचनेसह मान्यताप्राप्त असल्याने त्यांच्या वापराला कलम ५२ ची अडचण येत नाही.

हेही पाहा
डिफरन्शियल
कमानपाटा
चारचाकी चालन
वालचंद हिराचंद